अनुदानित शाळेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झाले, पेन्शन-ग्रॅच्युइटी अडकलेलीच. कोल्हापूरला हायकोर्टात जायचे की आधी आणखी कुठे?

विजापूर_वेस

मोहोळ तालुक्यातल्या खासगी अनुदानित माध्यमिक शाळेतल्या एका बाईंचे प्रकरण आहे. नेमणूक १२ जून १९९५, शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता सलग, निवृत्ती ३१ मे २०२४. चौकशी नाही, कोर्टकचेरी नाही.

आजची स्थिती अशी: पेन्शन सुरू नाही, ग्रॅच्युइटी नाही, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेणे) तर लांबच. गटविम्याचे पैसे मिळाले. भविष्य निर्वाह निधीचा अंतिम परतावा मिळाला, पण २००९-१० आणि २०१०-११ या दोन वर्षांची वर्गणी खात्यावर चढलेलीच नाही.

सेवापुस्तक तीनदा परत आले. पहिल्यांदा दोन वेतनवाढींच्या नोंदीखाली मुख्याध्यापकांची सही नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा आधार कार्डावर आणि सेवापुस्तकात नाव वेगळे (लग्नाआधीचे व नंतरचे) म्हणून. तिसऱ्यांदा कारण निघाले की २००७ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी देताना एक वेतनवाढ जास्त धरली गेली, तेव्हा जादा गेलेले ३ लाख ४२ हजार चलनाने भरा, मग प्रस्ताव पुढे जाईल. हे सगळे तोंडी. कागदावर काही नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले: मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा, ग्राहक आयोगात जा, सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावा, कामगार आयुक्तांकडे जा. यातले बरोबर कोणते? आणि व्याज मिळते का?

पार्क_चौक

शाळा न्यायाधिकरण. खासगी शाळांसाठी तेच आहे, वेळही कमी लागतो.

दफ्तरबंद

नाही हो पार्क_चौक, तिथे गेल्या तर सहा-आठ महिने घालवून हात हलवत परत येतील. १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात कलम ९ खाली अपील कशाविरुद्ध करता येते, तर बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा अन्य प्रकारे सेवासमाप्ती, पदावनती आणि ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला बढती. निवृत्तीनंतरची देणी त्यात बसत नाहीत.

बाकीचेही एकेक बघू, कारण चुकीच्या दारात गेलेला वेळ कोणी परत देत नाही.

मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. अनुदानित शाळेतला शिक्षक पगार शासनाच्या तिजोरीतून घेतो, पण नोकर संस्थेचा असतो. म्हणून मॅट नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही मॅट नाही, हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळत नाही.

ग्राहक आयोग: सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये डॉ. जगमित्तर सैन भगत प्रकरणात सांगितले की सरकारी सेवेतली व्यक्ती निवृत्तीच्या लाभांसाठी ‘ग्राहक’ ठरत नाही. तो प्रश्न संपला.

दिवाणी दावा तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. पण शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस, मग कैफियत, पुरावा, उलटतपासणी, अपील. ज्या प्रकरणात वस्तुस्थितीवर वादच नाही, तिथे हा रस्ता कशाला?

कामगार आयुक्तांकडची ग्रॅच्युइटी विनाअनुदानित शाळांच्या उपयोगाची. बाईंना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत, त्यांची ग्रॅच्युइटी त्याच नियमांतून येणार.

उरते घटनेच्या कलम २२६ खालची रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच हद्दीत आहे. मुंबईच्या फेऱ्या टळल्या. पण आज लगेच याचिका टाकू नका. तुमच्या हातात लेखी कागद एकही नाही. ‘तोंडी सांगितले’ यावर न्यायालय फार तर ‘निवेदनावर निर्णय घ्या’ एवढा आदेश देईल. तो तर आपला आपणच मिळवता येतो.

लेखाशीर्ष

दफ्तरबंद म्हणतात तसा आधी कागद तयार करा. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून आकडे घालतो.

१) माहितीचा अर्ज. एकाच दिवशी दोन अर्ज द्या, एक शाळेच्या जन माहिती अधिकाऱ्याला, दुसरा शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाला. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. मागायचे एवढेच: प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या आवक क्रमांकाने आला, परत पाठवला ती तारीख, जावक क्रमांक व त्रुटीपत्राची प्रत, टिप्पणीच्या पानांच्या प्रती, ३ लाख ४२ हजारांच्या हिशेबाचा तक्ता. ‘का थांबले’ असा प्रश्न विचारू नका. ‘का’ म्हणजे माहिती नव्हे, असे उत्तर ठरलेले असते. ३० दिवसांत उत्तर नाही आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. दुसरे अपील पुणे खंडपीठाकडे जाते. तिथे रांग लांब आहे, तोवर थांबून राहू नका.

२) मागणीचे निवेदन. मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव, शिक्षणाधिकारी, लेखाधिकारी, वेतन पथकाचे (शाळांचे पगार काढणारे कार्यालय) अधीक्षक आणि पुण्याचे विभागीय शिक्षण उपसंचालक, सगळ्यांना एकच पत्र. नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा, किंवा हाती देऊन आवक शिक्का घ्या. शिक्क्यात तारीख आणि क्रमांक दोन्ही उमटले आहेत ना ते खिडकीवरच बघा. नुसत्या सहीची पोहोच नंतर कोणी ओळखत नाही. पत्रात पेन्शन, ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण, निधीतली गहाळ वर्गणी, सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे राहिलेले हप्ते असतील तर तेही, आणि व्याज, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत मागा. व्याज आत्ता मागितले नाही तर पुढे ‘मागणीच नव्हती’ असे म्हणायला जागा राहते. उत्तरासाठी ४५ दिवस द्या. ‘दफ्तर दिरंगाई’ म्हणतात तो २००५चा कायदा, त्यातल्या कलम १० प्रमाणे एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तो उल्लेख एका ओळीत करा. त्याने फाइल धावत सुटेल असे नाही, पण टेबलावरचा माणूस त्या दिवसापासून टिप्पणीत तारखा घालू लागतो.

३) याच निवेदनात तात्पुरते निवृत्तिवेतन. १९८२च्या नियमांत नियम १२६ त्यासाठीच आहे. चौकशी नसतानाही प्रकरण वेळेत पूर्ण होत नसेल तर तात्पुरती पेन्शन द्यायची असते. (चौकशी चालू असेल तर नियम १३०. तिथे पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी मात्र निकालापर्यंत थांबते. तुमची केस ती नव्हे.) मुख्याध्यापकांनी तसा प्रस्ताव पाठवायचा असतो आणि तो मागितल्याशिवाय कोणी पाठवत नाही.

नावाची त्रुटी सोपी आहे. राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी दाखला, एक प्रतिज्ञापत्र, आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईने नोंद करून मुख्याध्यापकांची सही-शिक्का. पण पॅन, बँक पासबुक, आधार आणि सेवापुस्तक, चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर एकच नाव हवे, नाहीतर चौथ्यांदा परत येईल.

निधीचे: कपात झाली पण खात्यावर चढली नाही, याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. त्या महिन्याच्या वेतन देयकासोबत जोडलेल्या कपातीच्या शेड्यूलमध्ये खाते क्रमांक चुकलेला असतो किंवा ते पानच सुटलेले असते. शाळेच्या दफ्तरातून त्या २४ महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती काढा. महिना, प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, प्रमाणकाची तारीख, कपातीची रक्कम, असा चार रकान्यांचा तक्ता करून वेतन पथकाला द्या. प्रमाणक क्रमांकाशिवाय ते शोधू शकत नाहीत, आणि खरेच शोधू शकत नाहीत, टाळाटाळ नव्हे. सापडलेल्या वर्गणीबरोबर तिच्यावरचे त्या वर्षांपासूनचे व्याजही लागते.

सात_रस्ता

वसुलीबद्दल कोणी बोलले नाही, आणि सगळे प्रकरण अडले आहे ते तिथेच.

पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, १८ डिसेंबर २०१४. जादा दिलेली रक्कम कधी वसूल करता येणार नाही याचे प्रसंग सर्वोच्च न्यायालयाने त्यात मोजून दिले आहेत: वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर. बाई तिन्हीत बसतात. शिवाय २ मे २०२२चा थॉमस डॅनियल हा निकाल आहे. केरळातल्या एका शिक्षकाचीच केस, निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी काढलेली वसुली रद्द झाली. निवेदनात हे दोन निकाल पुरेत. दहा निकाल टाकले की वाचणारा एकही वाचत नाही.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, वसुली थांबते म्हणून चुकीची वेतननिश्चिती बरोबर ठरत नाही. कार्यालय वेतन दुरुस्त करू शकते आणि पेन्शन त्या दुरुस्त वेतनावर बसू शकते. त्यावर भांडायचे असेल तर २००७चा मूळ आदेश काढून ती वेतनवाढ नियमाने देय होती का, हे वेगळे तपासावे लागेल. दोन, २०१६चा जगदेव सिंग निकाल. त्यात वेतनश्रेणी घेताना ‘जादा मिळाल्यास परत करीन’ असे हमीपत्र दिले होते म्हणून वसुली टिकली. तो न्यायिक अधिकारी होता, वर्ग तीनचा कर्मचारी नव्हे, आणि हा फरक उच्च न्यायालयात मांडता येतो. तरी सेवापुस्तकात बाईंचे असे हमीपत्र चिकटवलेले आहे का, हे आधी बघा. पाचव्या-सहाव्या वेतन आयोगाच्या विकल्पासोबत ते बऱ्याच जणांकडून घेतले गेले आहे आणि आपण सही केली होती हे कोणाला आठवत नाही.

विजापूर_वेस

हमीपत्र सेवापुस्तकात सापडले, सहाव्या आयोगाच्या विकल्पासोबतचे, २००९चे. २००७च्या वेळचे नाही. आता कार्यालयाने नवीन छापील हमीपत्र हातात दिले आहे: ‘३ लाख ४२ हजार ग्रॅच्युइटीतून कापण्यास माझी हरकत नाही.’ बाई म्हणतात, भरून टाकते, पण हे संपवा.

सात_रस्ता

सही करायची नाही. केली की रफिक मसीह विसरा, संमतीने दिलेले पैसे परत मागणे फार अवघड जाते. २००९चे हमीपत्र सहाव्या आयोगाच्या वेतननिश्चितीपुरते आहे. चूक २००७च्या वरिष्ठ श्रेणीची आहे. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

संपवायचेच असेल तर मधला रस्ता असा: लेखी द्या की ‘वसुली मला मान्य नाही, तथापि वादग्रस्त ३,४२,००० वगळून उर्वरित ग्रॅच्युइटी आणि कार्यालयाच्या मते योग्य असलेल्या वेतनावरील पेन्शन तात्काळ मंजूर करावी, माझे हक्क राखून.’ म्हणजे दरमहाचे पैसे सुरू होतात आणि भांडण तेवढ्या रकमेपुरते उरते. हे पत्र नाकारले तर तो नकारच याचिकेत तुमच्या कामी येतो.

होटगी_रोड

थोडे विषयांतर. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांना हेच सगळे लागू आहे का? आणि इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांचे काय?

दफ्तरबंद

जि.प.चे नियम तेच १९८२चे, पण वाट वेगळी. प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून शिक्षण विभाग (प्राथमिक), मग अर्थ विभागात मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे. तुमच्याकडे पेन्शनचा आदेश काढणारे महालेखापाल इथे मध्ये येत नाहीत, आदेश जिल्हा परिषदच काढते. तिथे पेन्शन अदालतीत अर्ज द्यावा, छोट्या त्रुटींची प्रकरणे त्यात सुटतात. ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा.

विनाअनुदानित: ग्रॅच्युइटी कायदा १९७२. शिक्षक त्यात येतात का, हा वाद २००९च्या दुरुस्तीने ३ एप्रिल १९९७ पासून मिटवला आणि २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. हिशेब: शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, कमाल २० लाख. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, नाहीतर व्याज. संस्थेने नाकारली तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे नमुना ‘एन’ मध्ये अर्ज, मुदत ९० दिवस, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांनी जुन्या कायद्यावरच बोट ठेवावे. या शाळांत खरी अडचण कायद्याची नसते, पगार रोखीत आणि सही वेगळ्याच आकड्यावर, ही असते. बँक खात्याचे उतारे आत्तापासून जपा.

लेखाशीर्ष

व्याजाचा हिशेब राहिला होता.

नियम १२९-अ ग्रॅच्युइटीसाठी: देय तारखेपासून तीन महिन्यांनंतरच्या काळाचे व्याज, उशीर प्रशासकीय चुकीमुळे झाला असेल तर. नियम १२९-ब पेन्शनसाठी: सहा महिन्यांनंतरचे. म्हणजे बाईंच्या बाबतीत ग्रॅच्युइटीवर १ सप्टेंबर २०२४ पासून आणि पेन्शनच्या थकबाकीवर १ डिसेंबर २०२४ पासून.

ग्रॅच्युइटी किती? दर सहामाहीला वेतनाचा चौथा हिस्सा, कमाल साडेसोळा पट. १२ जून १९९५ ते ३१ मे २०२४ म्हणजे २८ वर्षे ११ महिने २० दिवस. तीन महिने व त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण सहामाही धरतात, म्हणून ५८ सहामाह्या, म्हणजेच साडेचौदा पट. कमाल मर्यादा त्यांना १४ लाखांचीच. २० लाखांची मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या निवृत्तांना आहे. तीन महिन्यांनी हुकले. समजा रक्कम ११ लाख आली आणि दर भविष्य निर्वाह निधीचा म्हणजे ७.१ टक्के धरला, तर वर्षाला ७८,१०० रुपये. डिसेंबर २०२५ अखेरच्या १६ महिन्यांचे एक लाख चार हजारांच्या वर. म्हणून म्हणतो, व्याज ही किरकोळ बाब समजू नका.

नियमांपलीकडे जाऊनही व्याज मागता येते. पद्मनाभन नायर (१९८४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पेन्शन व ग्रॅच्युइटी ही शासनाची मेहेरबानी नव्हे, आणि दोषी विलंबाला बाजारभावाने व्याज द्यावे लागेल. एस. के. दुआ (२००८) मध्ये, व्याजाचा नियम नसला तरी घटनेच्या आधारे ते मागता येते, असे म्हटले. याचिकेत दोन्ही मागण्या घाला, मुख्य मागणी बाजारदराची आणि निदान नियमाप्रमाणे तरी.

दफ्तरबंद

४५ दिवस संपले आणि उत्तर आले नाही (किंवा वसुलीचे लेखी पत्र आले, ते तर बरेच) की याचिका. काही गोष्टी वकिलांना आवर्जून सांगा.

प्रतिवादींत शालेय शिक्षण विभागाचे सचिव, उपसंचालक पुणे, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) सोलापूर, लेखाधिकारी, वेतन पथक, संस्था, मुख्याध्यापक आणि महालेखापाल मुंबई, सगळे हवेत. संस्थेला सोडले तर शासनाकडून पहिल्याच तारखेला ‘प्रस्ताव शाळेकडूनच आला नाही’ हे उत्तर येते आणि दुरुस्तीत दोन तारखा जातात.

विनंतीत नुसते ‘निवेदनावर निर्णय घ्यावा’ असे लिहू नका. तसा आदेश मिळतो, आठ आठवड्यांनी ‘वसुली भरल्याशिवाय प्रस्ताव पाठवता येत नाही’ असा निर्णय येतो आणि दुसरी याचिका करावी लागते. वसुलीची कार्यवाही रद्द करा; प्रस्ताव इतक्या आठवड्यांत महालेखापालांकडे पाठवा; निकालापर्यंत तात्पुरती पेन्शन द्या; व्याज द्या. चारही मागण्या स्वतंत्र, आणि तात्पुरत्या पेन्शनची अंतरिम विनंतीतही.

सोबत सेवापुस्तकाची पूर्ण प्रत (निवडक पाने नकोत), मान्यतेची पत्रे, माहिती अधिकारात मिळालेल्या टिप्पण्या, पोहोचा, आणि तारीखवार तक्ता. मराठी कागदांची भाषांतरे लागतील, ती आधीच करून ठेवा.

बाई आहेत म्हणून एक सोय: १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळू शकते. सोलापूर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, ते पुढे उच्च न्यायालयाच्या समितीकडे पाठवतात.

आणि कोर्ट नकोच असेल तर लोकायुक्त. सेवेच्या अटींच्या तक्रारी त्यांच्याकडे चालत नाहीत, पण १९७१च्या कायद्यात पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधीचे दावे त्या बंदीतून मुद्दाम वगळले आहेत. वकील लागत नाही, प्रतिज्ञापत्र लागते. तक्रार कृती कळल्यापासून १२ महिन्यांत करायची. वसुलीसारखा कायद्याचा मुद्दा तिथे सुटेल असे वाटत नाही. पण नुसतीच फाइल हलत नसेल तर हा मार्ग कमी खर्चाचा.

विजापूर_वेस

माहितीचे अर्ज आजच टाकले, हमीपत्र सही न करता परत दिले. एकच शेवटचे: मध्येच पैसे सोडले तर घ्यायचे का? घेतले तर व्याज बुडेल अशी भीती घातली आहे.

लेखाशीर्ष

घ्या. पैसे जमा झाल्याच्या आठवड्यात एक पत्र द्या: ‘अमुक तारखेस अमुक रक्कम मिळाली, विलंबाच्या व्याजाचा आणि कपात केलेल्या रकमेचा हक्क राखून स्वीकारली.’ पोहोच घ्या. ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर सही मागितली तर ते शब्द खोडून शेजारी आद्याक्षरी करा. पेन्शन आदेश, ग्रॅच्युइटी आदेश आणि अंशराशीकरण आदेश हे तीन वेगळे कागद असतात, तिन्हींवरचे वेतन आणि सेवाकाळ सेवापुस्तकाशी ताडून बघा. दोन आर्थिक वर्षांची पेन्शन एकदम आली तर प्राप्तिकराची सवलत घ्यायला विवरणपत्राआधी फॉर्म १०ई भरायचा.

आणि अंशराशीकरणाचा अर्ज निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत दिलेला होता का ते आजच बघा. प्रस्तावासोबत दिला असेल तर त्याची पोहोच काढून ठेवा. नसेल तर वैद्यकीय तपासणी लागेल.